समास राखा: साप्ताहिकांच्या जुन्या खंडांवरची एक चित्रफीत

[दृश्य: नौपाडा, ठाणे. जुन्या इमारतीतली खोली. टेबलावर लाल कापडी पाठीचा जाड खंड. धुऊन कोरडे केलेले हात तो उघडतात.]

निवेदन: एका साप्ताहिकाचा हा सहामाही खंड. सव्वीस अंक एकत्र बांधलेले. नव्या पुस्तकांची परीक्षणं, विज्ञानाचं सदर, नाटक आणि चित्रप्रदर्शनांची दखल. आणि शेवटी, बारीक टायपात, ‘साभार पोच’, म्हणजे कचेरीत आलेल्या नव्या पुस्तकांची यादी.

[जवळून: साभार पोचेचा स्तंभ. बोट एका ओळीवर थांबतं.]

पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशकाचा पत्ता, पानं, किंमत. यातल्या कित्येक पुस्तकांची प्रत आज शोधूनही मिळत नाही. ती निघाली होती, हे या एका ओळीवरून कळतं. खंड बांधताना मात्र पहिला बळी जातो तो याच पानांचा. मुखपृष्ठं आणि जाहिराती ‘मजकूर नाही’ म्हणून काढून टाकल्या जातात, आणि मलपृष्ठाच्या आत छापलेली पोच त्यांच्याबरोबर जाते.

[दृश्य: कटिंग मशीनचं पातं. कागदाच्या पट्ट्या खाली पडतात.]

दुसरा घाव समासावर. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कापतात. लंडनच्या ‘अ‍ॅथेनिअम’चं उदाहरण घ्या. १८२८ साली सुरू झालेलं हे साप्ताहिक. साहित्य, विज्ञान, कला, संगीत, नाटक, सगळं त्यात. परीक्षणं निनावी छापायची रीत. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चं परीक्षण तिथे १९ नोव्हेंबर १८५९ला आलं, पुस्तक बाजारात येण्याच्या पाच दिवस आधी, आणि तेही बिननावाचं. तरी त्या साप्ताहिकाच्या कितीतरी परीक्षकांची नावं आज माहीत आहेत. कारण कचेरीतल्या प्रतीवर लेखालेखापाशी हाताने नाव लिहून ठेवलेलं होतं, आणि ती प्रत लंडनच्या सिटी विद्यापीठात जपलेली आहे. कोऱ्या समासाला कात्री लावण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

[दृश्य: सुट्या अंकाचा मध्य. गंजलेली पिन. बोथट पातं.]

आता काम. खाडीकाठची हवा, पिना गंजतात आणि भोवतीचा कागद खातात. अंक बरोबर मधोमध उघडायचा, पिनेखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवायची, बोथट पात्याने पिनेचे दोन्ही पाय सरळ करायचे आणि मगच ती पाठीच्या बाजूने काढायची. पाय न उघडता ओढली, तर घडी फाटते. चोवीस पानी अंकात पान ३ आणि पान २२ एकाच तावावर असतात. एक फाटलं की दुसरंही सुटतं आणि अंकातून हरवतं.

फाटलेल्या घडीला जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. चिकटटेप कधीही नाही. तिचा गोंद कागदात मुरतो, पिवळा डाग राहतो आणि वरची पट्टी गळून पडते. लॅमिनेशनही नाही, एकदा केलं की उलटवता येत नाही. भर पावसाळ्यात खळीचं काम बंद. ती वाळत नाही आणि बुरशी धरते.

[दृश्य: इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा पाळणा. वरून दोन कॅमेरे. पान उलटतं.]

बाजूने टाके घातलेला खंड सपाट उघडत नाही. दाबून उघडला तर पाठ मोडते; न दाबता सपाट स्कॅनरवर ठेवला तर ओळीची शेवटची दोन अक्षरं खोबणीत जातात. म्हणून हा पाळणा. पानामागे काळा कागद ठेवतात, म्हणजे मागच्या बाजूची छपाई उमटत नाही. ४०० डीपीआय, म्हणजे इंचाला ४०० ठिपके, आणि रंगीत. कृष्णधवल केलं तर समासातली फिकट पेन्सिल उडते.

[पडद्यावर: तेच पान, आधी आणि नंतर.]

इथे थांबून बघा. स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधला ‘ठिपके साफ करा’ हा पर्याय चालू राहिला होता. धूळ गेली, आणि तिच्याबरोबर अनुस्वारही गेले. ‘अंक’चा ‘अक’ झाला. देवनागरी पानावर हा पर्याय बंदच ठेवायचा.

[दृश्य: रद्दीचा टेम्पो. दोरीने बांधलेले गठ्ठे.]

पुनर्विकासात इमारती रिकाम्या होतात, खंड किलोवर जातात.

[दृश्य: मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे. बाहेरून.]

‘अरुणोदय’ साप्ताहिक याच शहरातून १८६६ साली निघालं. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ठाण्याला छापील कागद नवा नाही.

[दृश्य: संगणकावर नोंदतक्ता.]

शेवटचं काम सूचीचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नोंद लेखाच्या मथळ्याने केली की ती सापडत नाही. ‘एक लक्षणीय कादंबरी’ असं मथळ्यात असतं, पुस्तकाचं नाव आत कुठेतरी. म्हणून ज्या पुस्तकाचं परीक्षण आहे त्याचं नाव आधी, मग लेखक, परीक्षक, वर्ष, अंक, पान. जोडअंकाला दोन्ही क्रमांक द्यायचे, नाहीतर पुढचा माणूस नसलेला अंक शोधत बसतो.

तुमच्या घरी असे अंक असतील तर ते आडवे ठेवा, मुखपृष्ठं काढू नका, टेप लावू नका. गठ्ठ्यावर वेगळ्या चिठ्ठीवर साप्ताहिकाचं नाव आणि वर्ष पेन्सिलने लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयाला आधी विचारा. रद्दीवाल्याला नंतर.