अजून दोनच आणू

(अमळनेर तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.)

मायबहिणींनो, फळ्यावर विषय लिहिलाय ‘परसातलं कुक्कुटपालन’. कोंबडी कशी पाळायची हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना लहानपणापासून ठाऊक आहे, ते मी नव्याने काय सांगणार? मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. पाच-सहा कोंबड्या अंगणात सुखाने नांदत असतात आणि एक दिवस मनात येतं, ‘अजून दोनच आणू’. त्या दोनाबद्दल बोलायचंय.

हा मोह वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्या बाईला कोंबड्यांची माया आहे तिलाच तो होतो. पण तो कधी होतो ते बघा. दिवाळी झालेली असते, कापसाचे पैसे हातात असतात, मका-बाजरी घरात आलेली असते. ऊन कोवळं असतं. आठवडे बाजारात सातपुड्याकडून आलेल्या बाया डालग्याखाली कोंबड्या घेऊन बसलेल्या असतात. एक तांबडी, एक उलट्या पिसांची, एक उघड्या मानेची. (या उघड्या मानेच्या कोंबडीला पिसं कमी असल्यामुळे आपल्याकडचं ऊन तिला इतरांपेक्षा बरं सोसतं, एवढं लक्षात ठेवा.) कुणी कडकनाथ आणलेला असतो. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आपल्याकडे एक तरी काळी कोंबडी दारात असावी असं फार जणींना वाटतं. हात आपोआप पिशवीकडे जातो.

त्यात भर म्हणजे नेमकी तेव्हाच घरची अंडी कमी झालेली असतात. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. भरपूर अंडी द्यायला तिला दिवसाला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपला दिवस जेमतेम अकरा तासांचा. जुन्या कोंबड्या त्याच सुमाराला पिसंही टाकतात. आपण म्हणतो, या म्हाताऱ्या झाल्या, चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणू. फेब्रुवारी-मार्चात दिवस मोठा झाला की त्याच कोंबड्या परत अंड्यावर येतात, आणि आणलेल्या चार दारात असतातच.

माझ्या घरी एका हिवाळ्यात सहाच्या सतरा झाल्या. दोन बाजारातून आणल्या. दोन बहिणीने हौसेने दिल्या, बहिणीला नाही कसं म्हणणार? एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, तिच्याखाली दहा अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी सात पिलं निघाली. एकाही दिवशी मी ‘सतरा कोंबड्या पाळायच्या’ असं ठरवलं नव्हतं. बाजारातल्या दोन घेऊन आले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “जागा शे का? माले सांग, रातले बसतीन कोठे?” मी म्हटलं, थंडी आहे, बसतील एकमेकींना चिकटून. आणि खरंच बसल्या.

मग मे महिना आला. खुराडं होतं चार बाय पाच फुटांचं, वर पत्रा. रात्रीच्या निवाऱ्याला एका मोठ्या कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा धरतात, म्हणजे माझं खुराडं दहा जणींचं, आणि आत सतरा. जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला जातो तो आठवडा. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१-४२ अंशांचं असतं, आणि आतली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे चोच उघडून धापा टाकण्याशिवाय फारसा मार्ग नाही. त्या दुपारी मी जेवण आटोपून मागे गेले. कोपऱ्यात जिथे बोटभर सावली होती तिथे सगळ्या एकमेकींवर चढल्या होत्या. पाण्याचं टोपलं पालथं पडलेलं. तांबडीने पंख अंगापासून लांब सोडले होते, घसा नुसता थरथरत होता, तुरा निळसर पडला होता. उचलली तर हाताला तव्यासारखी लागली. ओलं गोणपाट टाकलं, पाणी शिंपडलं, पण संध्याकाळपर्यंत चार गेल्या. त्यातल्या दोन माझ्या मूळच्या सहातल्या होत्या.

म्हणून मी सांगते, बाजारातल्या थंड सकाळी आकडा ठरवू नका. मेच्या दुपारी दोन वाजता तुमच्या परसात सावली किती उरते, ती किती जणींना पुरते, तो तुमचा आकडा. पाण्याचंही तसंच. एरवी एक कोंबडी पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुपटीवर जाते. सतरा जणींना आठ-नऊ लिटर, तेही दिवसातून तीनदा बदलून. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे हे भरणारी बाई कोण? तुम्हीच.

खाण्याच्या हिशोबात आपण नेहमी फसतो. सहा कोंबड्या उकिरडा उकरतात, वाळवी-किडे टिपतात, खळ्यात सांडलेली दादर ज्वारी वेचतात, आपण मूठभर कणी टाकतो आणि भागतं. आपल्याला वाटतं, सहांचं भागतं तर दहांचंही भागेल. पण परस काही कोंबड्यांबरोबर वाढत नाही. त्यात जेवढे किडे-दाणे आहेत तेवढेच आहेत, ते पहिल्या सहांनी वाटून घेतलेत. सातवीपासून पुढची प्रत्येक कोंबडी सगळी तुमच्या गोणीतून खाणार, रोजचे शंभर-सव्वाशे ग्रॅम.

आणि एक हिशोब कुणी करत नाही, तो नात्यांचा. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार, कोण आधी खाणार हे ठरलेलं असतं. नॉर्वेचे थोरलीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या पाहून पाहून हे टिपलं आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रात मांडलं. प्रत्येक जोडीत ही मोठी-छोटी ठरावी लागते. सहा कोंबड्यांत जोड्या होतात पंधरा. बारा झाल्या की सहासष्ट, सतरा झाल्या की एकशे छत्तीस. नवी एक जरी आत सोडली तरी तिला प्रत्येकीशी हे नव्याने ठरवावं लागतं. डोक्यावरची पिसं उपटलेली, दाण्यापासून लांब उभी राहिलेली, सगळ्यात शेवटी आत शिरणारी कोंबडी तुम्ही पाहिली असेल. ती बहुतेक वेळा आपण मागाहून आणलेली असते.

पिलांमध्ये साधारण निम्मे नर निघतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. माझ्या सात पिलांत चार कोंबडे निघाले, आणि सहा महिन्यांत त्यांच्या चढण्याने पिसं झडून कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या. हाताने दाणे भरवून वाढवलेला कोंबडा विकायला मन होत नाही, मला ते पक्कं ठाऊक आहे. पण ज्या दिवशी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवता त्याच दिवशी नर कुठे जाणार ते घरात बोलून ठेवा. पिलं नकोच असतील तर अंडी रोज उचला, आणि खुडूक कोंबडीला तीन-चार दिवस हवेशीर, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा, तिचं खुडूकपण मोडतं.

आता मानमोडी, म्हणजे राणीखेत. हा रोग बाजारातून आपल्या पिशवीत बसून येतो. आणलेली कोंबडी त्या दिवशी ठणठणीत दिसते, लक्षणं दिसायला बऱ्याचदा पाच-सहा दिवस जातात, कधी दोन आठवडेही. माझ्या जाऊबाईंनी अशीच एक आणून संध्याकाळी सगळ्यांत मिसळली. पुढच्या आठवड्यात हिरवट हगवण, मग माना पिळवटायला लागल्या. चौदातल्या तीन वाचल्या. नवी कोंबडी किमान तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात ठेवायची, आणि तिचं काम सगळ्यांत शेवटी करायचं. जिला ही वेगळी जागाच नाही, तिने नवी कोंबडी आणूच नये. इथे मी कडक बोलते आहे, कारण आपण खान्देशात राहतो. देशात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला. २०२१ मध्ये तिथेच तो परत आला. मोठ्या शेडांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही तेव्हा माराव्या लागल्या.

एका ताईंनी मघाशी विचारलं, की मानमोडीच्या लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची येते, आठ कोंबड्यांसाठी ती फोडणं परवडत नाही, मग कोंबड्याच वाढवल्या तर? ताई, कोंबड्या वाढवू नका, बाया वाढवा. एकदा पाण्यात कालवलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या बारा घरांनी एकाच वेळी टोचून घ्यायचं. कुपीचा खर्च बारा घरांत वाटला जातो.

येत्या शनिवारी सकाळी सातच्या आत आपण तेच करणार आहोत, मंदिराच्या ओट्यावर. पशुधन पर्यवेक्षक येणार आहेत, बर्फाचा डबा मी आणते. आठ आठवड्यांच्या पुढच्याच कोंबड्या आणा, आजारी असेल ती घरीच ठेवा. आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या खुराड्यात शिरत असताना दाराशी बसून मोजा. अंदाजाने सांगू नका. तो आकडा आणि तुमच्या खुराड्याची लांबी-रुंदी कागदावर लिहून आणा, मी वहीत दोन्ही शेजारी-शेजारी मांडणार आहे.