परसातील डाळिंबाची फळकूज

जुळे सोलापुरातील एका घराच्या परसात भगवा जातीच्या डाळिंबाची दोन झाडे आहेत. सप्टेंबर हा या कोरड्या जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा महिना, आणि नेमकी त्याच दिवसांत मृग बहाराची, म्हणजे जून-जुलैतल्या फुलोऱ्याची, फळे झाडावर पोसत असतात.

त्यातले एक फळ जवळून पाहा. मुकुटाच्या खाचेत वाळलेले पुंकेसर अडकले आहेत, त्यांवर ओल धरली आहे आणि तिथूनच तपकिरी डाग सालीवर उतरला आहे. बोटाने दाबले की साल आत जाते. दुसरे फळ बाहेरून लालबुंद आहे, मात्र हाताला हलके लागते. कापल्यावर आतले दाणे काळे पडलेले दिसतात. आतली ही कूज अल्टरनेरिया नावाच्या बुरशीची असते; ती फूल उमललेले असतानाच आत शिरते, त्यामुळे फळ रंगावर आल्यावर केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. सालीवर तेलकट काळे डाग आणि भेगा असतील तर मात्र तो तेल्या, म्हणजे जिवाणूंचा रोग होय. शंका असेल तर जाणकाराला फळ दाखवावे. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच, केगावला आहे.

आमच्या मते घरच्या झाडाला औषधाआधी स्वच्छता हवी. फांदीवर वाळून काळे पडलेले फळ अनेकजण तसेच राहू देतात, पण पुढच्या हंगामाची बुरशी त्यातच टिकून असते. अशी फळे आणि खाली पडलेली फळे खतखड्ड्यात न टाकता खोल पुरावीत. दाटी झालेल्या फांद्या विरळ कराव्यात आणि पाइपने झाडावरून पाणी न मारता आळ्यातच द्यावे.

दोनच झाडे असणाऱ्याला आणखी एक गोष्ट सहज जमते: जून-जुलैत आलेली कळी खुडून टाकावी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त बहाराची ठेवावी. तिची फळे फेब्रुवारीनंतरच्या कोरड्या हवेत पिकतात. एवढी कळी हाताने तोडताना जीव हळहळतो, हे खरे आहे.

बहार धरण्यापूर्वी, छाटणीनंतर, एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारावे. १ लिटर पाण्यास १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना हे प्रमाण घ्यावे. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून, चुना निवल्यावर, ढवळत एकत्र करावे. त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर थोडी चुन्याची निवळी वाढवावी, आणि मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.