पाळीचं रक्त मागे जातं तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे एंडोमेट्रिओसिसबद्दल आणि त्यामुळे दिवस राहायला जी अडचण येते तिच्याबद्दल.

गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीबरोबर पडून जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एंडोमेट्रिओसिसमध्ये तसंच अस्तर गर्भाशयाबाहेर रुजतं. अंडाशयावर रुजतं, बीजनलिकांच्या आसपास रुजतं, गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या खोलगट जागेत तर फारच. तिथेही ते महिन्याच्या महिन्याला सुजतं आणि रक्त सोडतं. त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आजूबाजूला सूज येते, व्रण धरतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. पाळी येणाऱ्या वयातल्या साधारण दहा बायकांत एकीला हा आजार असतो. दहात एक.

आता प्रश्न असा, की हे अस्तर आतून बाहेर जातंच कसं?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आल्बनी नावाचं गाव आहे. तिथे जॉन सॅम्पसन नावाचे स्त्रीरोगशल्यविशारद होते. या आजारात अंडाशयात दाट, काळपट तपकिरी रक्ताने भरलेल्या ज्या गाठी होतात, ज्यांना आज आपल्याकडेही सगळे चॉकलेट सिस्टच म्हणतात, त्यांच्यावर त्यांनी 1921 साली मोठा निबंध लिहिला. पाळी चालू असताना पोट उघडलं, तर बीजनलिकेच्या झालरीसारख्या टोकातून रक्त पोटात उतरताना त्यांना दिसलं होतं. त्यावरून 1927 साली त्यांनी मत मांडलं, की पाळीचं थोडं रक्त उलट्या दिशेने, नलिकांमधून पोटात जातं, त्याबरोबर अस्तराचे कण जातात आणि ते तिथे रुजतात.

सगळ्यांना ते पटलं नाही. जॉन्स हॉपकिन्सचे एमिल नोवॅक यांच्यासारखे मोठे जाणकार विरोधात होते. गळून पडलेलं अस्तर मेलेलं असतं, ते रुजणार कसं, हा एक आक्षेप. दुसरी अडचण ऑपरेशनच्या टेबलावरचीच. पोट उघडलं, गर्भाशय हातात धरलं, दाबलं, तर रक्त मागे ढकललं जाणारच. मग ते आपसूक गेलं की हाताने गेलं, हे ठरवायचं कसं? धडधाकट बाईचं पोट दर पाळीला उघडून तर बघता येत नाही.

हा पेच सुटायला मदत झाली ती मूत्रपिंडाच्या रुग्णांमुळे.

सिएटलमध्ये हेन्री टेंकहॉफ नावाचे डॉक्टर होते. पोटाचं डायलिसिस करायला सिलिकॉनची मऊ नळी त्यांनी 1968 साली पुढे आणली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पोटाच्या डायलिसिसची रीत अशी: नळीतून साधारण दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार ते सहा तास तसंच ठेवायचं, मग खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत उतरू द्यायचं. उतरायला वीसेक मिनिटं लागतात. दिवसातून चार वेळा हे करायचं. आणि प्रत्येक वेळी पिशवी उजेडात धरून पाण्याचा रंग बघायचा. पाणी फिकट पिवळसर आणि नितळ आलं, की सगळं ठीक. गढूळ आलं, तर पोटात जंतुसंसर्ग, लगेच दवाखाना गाठायचा.

काही बायकांच्या पिशवीत मात्र पाणी लालसर यायचं. रुग्ण घाबरायची, घरचे घाबरायचे. नळी कुठे टोचली का? आतडं फाटलं का? पण पोट दुखत नसायचं, ताप नसायचा, आणि एकदोन दिवसांत पाणी पुन्हा नितळ. पुढच्या महिन्यात पुन्हा लाल. तारखा जुळवून पाहिल्या, तर ही लाली पाळीच्या आगेमागेच येत होती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या पुष्कळ बायकांची पाळी बंद पडते. ज्यांची चालू होती, त्यांच्यातच हे दिसत होतं.

1981 साली ब्लुमेनक्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी हे नीट नोंदवून छापलं, आणि लेखकांमध्ये खुद्द टेंकहॉफ होते. पाळी येणाऱ्या ज्या बायकांना त्यांनी तपासलं, त्यांतल्या बहुतेकींचं पाणी त्या दिवसांत लाल येत होतं. इथे कुणी गर्भाशय हातात धरलं नव्हतं, कुणी दाबलं नव्हतं. बाई आपल्या नेहमीच्या दिनक्रमात होती, आणि पोटात काय उतरतंय ते पिशवी दर काही तासांनी दाखवत होती. शिवाय इतक्या पाण्यात अगदी थोडं रक्त मिसळलं तरी रंग बदलतो, त्यामुळे ही तपासणी फार नाजूक, फार बारीक.

इथे मला मनापासून वाटतं ते सांगते. रंग बघणं, वेळ लिहिणं, तारीख टाकणं ही कामं परिचारिका आणि घरची माणसं करतात. अशा नोंदवह्या पुष्कळदा रद्दीत जातात. त्या जपायला हव्यात, आणि संशोधनाच्या लेखावर त्या लिहिणाऱ्यांची नावंही यायला हवीत.

तर पुढे 1984 साली नॉर्थ कॅरोलायनात हाल्मे आणि सहकाऱ्यांनी पाळीच्या सुमारास दुर्बिणीतून पोट तपासलं. ज्यांच्या नलिका मोकळ्या होत्या, त्यांच्यातल्या शंभरात नव्वद जणींच्या पोटात रक्त होतं. ज्यांच्या नलिका बंद, त्यांच्यात शंभरात पंधरा. आणि आजार असो वा नसो, रक्त मागे जाण्यात मोठा फरक नव्हता.

पुन्हा सांगते, कारण मुद्दा इथे आहे. पाळीचं रक्त मागे जाणं हा आजार नाही. ते जवळजवळ सगळ्यांचंच जातं. मग आजार दहातल्या एकीलाच का?

गेली चाळीस वर्षं संशोधन या प्रश्नाभोवती फिरतं आहे. आजार असलेल्यांच्या पोटातल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण साफ करण्याऐवजी सूज वाढवतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देतात. रुजलेलं अस्तर ॲरोमाटेज हे विकर वापरून अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्वतःच बनवतं. आणि प्रोजेस्टेरॉन या ज्या संप्रेरकाने अस्तराच्या वाढीला आवर बसायचा, त्याला ते नीट दाद देत नाही. 2023 साली साठ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात जनुकसंचात आजाराशी जोडलेल्या 42 जागा सापडल्या. आपल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनेही भारतीय बायकांच्या जनुकांचा आणि लक्षणांचा अभ्यास हाती घेतला आहे. तो फार गरजेचा आहे, कारण आतापर्यंतची बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या बायकांची आहे. 2023मध्येच जपानमधल्या नागोयाच्या गटाला रुग्णांच्या गर्भाशयात फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू जास्त आढळला. उंदरांत प्रतिजैविकांनी गाठी कमी झाल्या. पण ते उंदीर होते. त्यावरून कुणी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून खाऊ नयेत.

आता मूल राहण्याचा भाग. निरोगी तरुण जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात पंधरा ते वीस असते. उपचार न झालेल्या एंडोमेट्रिओसिसमध्ये ती दोन ते दहावर येते. म्हणजे शक्यता घटते, संपत नाही. अनेकींना आपसूक दिवस राहतात. चिकटलेल्या नलिकेची झालर बीज उचलू शकत नाही, हे एक कारण. पोटातल्या सुजेच्या द्रवाने शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, हे दुसरं. आणि चॉकलेट सिस्टमधलं लोहयुक्त जुनं रक्त शेजारच्या बीजांना अपाय करतं, हे तिसरं. बीज की गर्भाशय, दोष कुठे जास्त, हे शोधायला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या डॉक्टरांनी दात्यांची बीजं वापरून तुलना केली. निरोगी दातीचं बीज आजारी बाईच्या गर्भाशयात चांगलं रुजलं. आजारी बाईचं बीज दुसरीच्या गर्भाशयात कमी रुजलं. म्हणजे बराचसा दोष अंडाशयाच्या बाजूला.

म्हणून सिस्ट काढण्याची घाई नको. सिस्टची भिंत सोलून काढताना तिला चिकटलेला अंडाशयाचा चांगला थरही जातो, त्यात बीजं असतात. रक्त थांबवायला विजेचा चटका दिला, की आणखी जातात. दुसऱ्यांदा ऑपरेशन, किंवा दोन्ही बाजूंना सिस्ट असेल, तर नुकसान जास्त. ऑपरेशनआधी एएमएच ही, अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी करून घ्या, आणि आधी बीजं गोठवून ठेवावीत का, हे विचारा. टेस्ट ट्यूब उपचाराआधी सगळ्यांची सिस्ट काढायची, असा नियम नाही. सौम्य आजारात गोष्ट थोडी वेगळी: कॅनडात 1997 साली 341 बायकांच्या चाचणीत, दुर्बिणीतून व्रण काढलेल्यांपैकी शंभरात 31 जणींना 36 आठवड्यांत दिवस राहून गर्भ टिकला, नुसतं तपासलेल्यांत 18 जणींना. इटलीतल्या नंतरच्या लहान चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही.

गोळ्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. डायनोजेस्टसारख्या संप्रेरकांच्या गोळ्यांनी दुखणं कमी होतं, पण त्या चालू असताना बीज बाहेर पडणं सहसा थांबतं. काही महिने गोळ्या घेऊन बंद केल्यावर मूल लवकर राहतं, असं दिसलेलं नाही. मूल हवं असेल, तर त्या गोळ्यांत वर्ष घालवू नका.

आणि "लग्न झालं, मूल झालं की दुखायचं थांबेल" हे मुलींना सांगणं बंद करा. शाळा-कॉलेज बुडावं इतकं पाळीत दुखत असेल, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर तपासायला न्या. या आजाराचं निदान व्हायला कित्येक ठिकाणी सात-आठ वर्षं जातात, आणि अंडाशयातल्या बीजांचा साठा तोवर घटतच असतो. साध्या सोनोग्राफीत सिस्ट दिसते, चिकटलेले भाग आणि आतड्यावरचे व्रण बघायला अनुभवी हाताची योनीमार्गाची सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाहीच, असं नसतं. सीए-125 या रक्ततपासणीवरून निदान ठरत नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात करा. स्वस्त आहे, तासाभराचं काम आहे, आणि बाईच्या पोटावर दोन ऑपरेशनं झाल्यावर ती करायला सांगणं हा अन्याय आहे.

दुर्बिणीचं ऑपरेशन झालंच, तर त्याचं चित्रीकरण आणि लिखित अहवाल मागून घ्या. नलिका, झालर आणि अंडाशय दोन्ही बाजूंना किती शाबूत आहेत, हे त्यात लिहिलेलं हवं. त्यावरून, आणि तुमचं वय, किती वर्षं प्रयत्न चालू आहे, यावरून शून्य ते दहा गुणांचा फर्टिलिटी इंडेक्स काढता येतो. गुण चांगले असतील, तर काही महिने घरीच वाट बघायला हरकत नसते. कमी असतील, तर टेस्ट ट्यूब उपचाराला उशीर करू नये.