अर्धी बादली थंड पाणी आणि अर्ध्या एचपीचा पंप

मंडळी, इथे प्लंबिंगचं काम करणारे बसले आहेत, घर बांधायला काढलेलेही बसले आहेत. म्हणून थेट सकाळच्या बाथरूममध्येच जाऊ. नागपुरातला जानेवारी. छतावर २०० लिटरचा सोलर, टाकीत पाणी चांगलं ६० अंशांचं. पण तळमजल्यावर नळ सोडला की आधी गारच पाणी येतं आणि आपण ते रोज मोरीत सोडून देतो.

हे पाणी रात्रभर पाइपात उभं होतं. एक इंची सीपीव्हीसीत, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपात, मीटरमागे साधारण ०.४३ लिटर मावतं, पाऊण इंचीत ०.२६, अर्धा इंचीत ०.१२. वळणं धरून २० मीटर पाइप असेल तर एक इंचीत साडेआठ लिटर झाले, म्हणजे जवळपास अर्धी बादली. अर्धा इंचीत अडीच लिटरच.

मग सगळीकडे अर्धा इंचीच टाकावा का? नाही. वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये शॉवरपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत जेमतेम दोन मीटर उंची मिळते, आणि दाब या उंचीचाच असतो. मिनिटाला १० लिटर पाणी हवं असेल, तर ८ मीटर अर्धा इंची पाइपात त्यातली दीड मीटर उंची घर्षणातच जाते. शॉवरला उरतं काय? तेच पाणी पाऊण इंचीतून न्या, घर्षण सहा पटींनी कमी होतं. व्यास थोडा वाढला तरी घर्षण इतकं उतरतं, कारण ते व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातानं बदलतं. तळमजल्याला मात्र आठेक मीटर उंची आपसूक मिळते, तिथे बारीक पाइप चालतो. म्हणजे जवळच्या बाथरूमला जाड आणि लांबच्याला बारीक. आपण नेमकं उलटं करतो, ‘लांब आहे, जाड टाका’ म्हणतो.

आता पंप. मनीषनगरातल्या एका घरी मला बोलावलं होतं. तक्रार अशी की छतावरच्या थंड पाण्याच्या टाकीतलं पाणी कोमट होतंय. मी टाकीत हात घातला, खरंच कोमट. कुणीतरी गरम पाण्याच्या लाइनवर अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप बसवून दिला होता आणि थंड लाइन तशीच ठेवली होती. मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे आणि हँड शॉवर बंद असला, की गरम पाणी थंड लाइनमधून उलटं वर चढायचं. पाण्याला उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह एकाही लाइनवर नव्हता.

त्या घराला दाब नको होता, गरम पाणी लवकर यायला हवं होतं. त्यासाठी नळाजवळून वर परतीची लाइन टाकायची, ती सोलरच्या टाकीत पाण्याच्या पातळीखाली सोडायची आणि पाणी फिरवत ठेवणारा छोटा सर्क्युलेशन पंप लावायचा. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळी चूक इथेच होते. या फेऱ्यात पाणी जितकं खाली उतरतं तितकंच वर चढतं. उंची आपोआप वजा होते, पंपाला फक्त घर्षण ओढायचं असतं. थंड देशांत बॉयलरचं पाणी घरभर रेडिएटरमधून फिरवतात, तिथेही हाच नियम. म्हणून ‘दोन मजले आहेत, मोठा पंप द्या’ हे दुकानात सांगू नका.

मग किती पाणी फिरवायचं? जाऊन-येऊन ४० मीटर पाइप, त्यावर नायट्रिलचं काळं इन्सुलेशन. मीटरमागे १० वॉट उष्णता जाते असं धरा, एकूण ४०० वॉट. जाताना-येताना पाणी ५ अंशांनी उतरलं तर चालेल, असं ठरवलं तर मिनिटाला सव्वा लिटरसुद्धा लागत नाही. एवढ्याला बाजारातला सगळ्यात लहान पंप पुरून उरतो. फक्त तो गरम पाण्यासाठीचा असावा, साधा नको.

आणि तो रात्रभर चालवू नका. ४०० वॉट आठ तास म्हणजे ३.२ युनिट उष्णता पाइपातून हवेत गेली. २०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सव्वानऊ युनिट लागतात. दिवसभराच्या उन्हाची एक तृतीयांश कमाई भिंतीला दिल्यासारखं झालं. टायमर लावा.

मनीषनगरच्या त्या घरात पंप आता पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि सातला बंद होतो. तळमजल्यावर राहणाऱ्या आजींच्या नळाला पहिल्या तांब्यापासूनच गरम पाणी येतं.