आरोपी : कोळी

आयोजकांनी विषय दिलाय, ‘कोळ्याचा किरकोळ चावा आणि घरगुती उपचार’. उपचार सांगणारच आहे. पण आधी आरोपीची बाजू मांडू द्या, ती कुणी मांडतच नाही.

सकाळी उठल्यावर दंडावर लाल गांधी दिसली की आपण म्हणतो, कोळी चावला असणार. चावताना पाहिला? नाही. बरं, कोळी तरी पाहिला? तोही नाही. छताच्या कोपऱ्यात जाळं आहे ना, झालं तर! (हशा) ढेकूण, पिसू, डास यांचं नावही निघत नाही. खरं तर रक्त पितात ते हेच. कोळ्याला आपल्यात रस नाही. त्याच्या 50 हजारांहून जास्त प्रजाती नोंदलेल्या आहेत. विष बहुतेकांकडे असतं, पण त्यांचे सुळे आपल्या कातडीत सहसा रुततच नाहीत. बाहीत, बुटात किंवा पांघरुणात तो चिरडला जायला लागला तरच चावतो.

तुम्ही म्हणाल, हा कोळ्यांचा वकील दिसतोय. मग ऐका. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एका घरातून सहा महिन्यांत ब्राउन रेक्लूज जातीचे 2,055 कोळी पकडले. ज्याच्या चाव्याने कधीकधी कातडी सडते, तोच हा कोळी. घरात कुटुंब राहत होतं. चावे किती? एकही नाही! 2002 साली हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आलंय.

आणि ते ‘कोळी मुतला’ प्रकरण! मानेवर रेघेसारखा लाल पट्टा उठतो, आग होते, बारीक फोड येतात. हा बहुधा पेडेरस नावाच्या चिमुकल्या भुंग्याचा प्रताप. तो दिव्यापाशी येतो, अंगावर बसतो, आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला द्रव कातडी भाजतो. कोपराच्या खळीत झालं तर हात दुमडल्यावर समोरच्या कातडीवरही तसाच डाग उमटतो. कोळी बिचारा तिथे नव्हताच.

हे एवढं ताणून का सांगतोय? पू धरलेलं, ठणकणारं गळू ‘कोळ्याचा चावा’ म्हणून घरी ठेवलं जातं. बऱ्याचदा तो जंतुसंसर्ग असतो आणि उपचारात दिवस वाया जातात.

चिठ्ठी आली... पाचच मिनिटं? बरं, भराभर सांगतो. जागा साबण-पाण्याने धुवा. बोटाला असेल तर सूज यायच्या आत अंगठी काढा. गार पाण्याची घडी दहा मिनिटं ठेवा, थांबा, पुन्हा ठेवा. बर्फ थेट लावू नका. हात-पाय उंचावर ठेवा. खाजेला कॅलामाइन किंवा अ‍ॅलर्जीची गोळी, दुखण्याला पॅरासिटामॉल. लहान मुलांना डॉक्टरांना विचारूनच. चिरा देऊ नका, चोखू नका, आवळून बांधू नका. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, ती ओलांडून लाली पसरली तर डॉक्टरांकडे जा. ताप आला, पू झाला किंवा मधला भाग काळानिळा पडला तरी जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारा.

पोट दगडासारखं कडक होणं, पेटके, दरदरून घाम, श्वास लागणं, तोंड सुजणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपचार विसरा, ताबडतोब दवाखाना. कोळी सापडला तर दुरूनच फोटो काढून न्या.

हं, तुमचा हात मघापासून वर आहे. विचारा.