उच्चार एक, स्पेलिंग दोन

पडद्यावर दोन सूचना आहेत. पहिली सांगते, वाहन 'स्टेशनरी' ठेवा, म्हणजे जागचं हलवू नका. दुसरी सांगते, 'स्टेशनरी' मागवा, म्हणजे कागद, पेनं, पाकिटं. उच्चार तोच. पहिला शब्द ए-आर-वाय ने संपतो, दुसरा ई-आर-वाय ने. अदलाबदल झाली तरी साधा स्पेलचेक लाल रेघ ओढत नाही. त्याच्या लेखी दोन्ही शब्द बरोबरच!

दुसऱ्या शब्दातला ई 'स्टेशनर'मधून आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एका जागी दुकान मांडून बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला स्टेशनर म्हणत. लंडनमध्ये अशा व्यावसायिकांचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. म्हणजे मूळ दोन्हींचं एकच, स्थिर असणं. अर्थ मात्र कधीच वेगळे झाले.

असे शब्द चुकतात त्याचं कारण उच्चारात आहे. इंग्रजी शब्दाच्या ज्या भागावर जोर नसतो, तिथला स्वर पुसट होतो. ए, ई, आय, सगळे साधारण 'अ'सारखे ऐकू येतात. आणि फरकाचं अक्षर नेमकं तिथेच बसलेलं असतं. मराठीत 'दिन' आणि 'दीन' बोलताना एकच वाटतात, वेलांटी पाहिल्यावर दिवस की गरीब ते कळतं, तसंच हे.

मग पुसट स्वर ऐकायचा कसा? त्याच कुळातला असा शब्द शोधायचा, ज्यात जोर त्या स्वरावर सरकतो. 'प्रिन्सिपल' घ्या. एक ए-एल ने संपतो: प्रमुख, किंवा कर्जाची मुद्दल. दुसरा एल-ई ने: तत्त्व. आता 'प्रिन्सिपॅलिटी' म्हणून पाहा. 'पॅ' खणखणीत ऐकू येतो. प्रमुखाचा शब्द ए-एल वाला. आणि विशेषण म्हणून वापरायचं असेल, तर विचारच करू नका. तेही ए-एल.

'कॉम्प्लिमेंट'मध्ये ही युक्ती चालत नाही, तिथे अर्थाचा आधार घ्यावा लागतो. पूर्ण करणारा तो 'कम्प्लीट'चा भाऊ, त्यात एल नंतर ई. स्तुतीचा, तो आय वाला. भूमितीतले कोटिकोन, ज्यांची बेरीज ९० अंश, ते ई वाले 'कॉम्प्लिमेंटरी'. मोफत मिळणारी वस्तू आय वाली.

काही जोड्यांत कान मदत करतो, पण आपणच त्याला फसवतो. सैल या अर्थाच्या शब्दात दोन ओ, शेवटी 'स'. हरवणे किंवा हरणे याच्या शब्दात एक ओ, शेवटी 'झ'. आपण दोन्हींना 'लूज' म्हणतो, आणि लिहितानाही गल्लत होते. सैलला 'लूस' म्हणायला लागा. 'ॲडव्हाइस' सी ने, नाम. 'ॲडव्हाइझ' एस ने, क्रियापद. 'प्रॅक्टिस'चं ब्रिटिश लेखनही असंच, नामाला सी, क्रियापदाला एस. उच्चार एकच असल्याने 'ॲडव्हाइस'वरून ताडून पाहावं. अमेरिकन लेखनात मात्र दोन्हीकडे सीच.

सगळ्यात चिवट जोडी 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'. इथे मराठीत अर्थ लावून पाहण्याची सवय नडते. 'पावसाचा पिकावर परिणाम झाला' आणि 'पावसाचा परिणाम दिसला', दोन्हीकडे परिणामच. पण इंग्रजीत पहिलं काम क्रियापद करतं, म्हणून ए. दुसरीकडे नाम आहे, म्हणून ई. तपासायचं एवढंच: शब्दाआधी 'द', 'ॲन' किंवा एखादं विशेषण आहे का? असेल तर बहुधा ई. अपवाद दोन. बदल 'घडवून आणणे' या अर्थाचं क्रियापदही ई वालं. आणि मानसशास्त्रात भावावस्थेला म्हणतात ते नाम ए वालं, पण तिथे जोर पहिल्या भागावर येतो.

मजकूर तपासताना अशा जोड्या वाचनाच्या ओघात निसटतात. त्यापेक्षा शोधाच्या चौकटीत नुसतं एफ-एफ-ई-सी-टी टाका. दोन्ही शब्द सापडतील. 'इफेक्टिव्ह', 'अफेक्शन' यांसारखेही येतील, ते सोडून द्या. उरलेल्या प्रत्येक ठिकाणी थांबून आधीचा शब्द पाहा आणि मगच पुढे जा.