नेरूळच्या फ्लॅटखालची जमीन कोणाची?

नमस्कार मंडळी! लिबर्टेरियन म्हटलं की लोकांना टॅक्स आठवतो, पण आपण नवी मुंबईत राहतो ना, मग सरळ जमिनीवर येऊ.

त्यांचं म्हणणं काय, तर माझं शरीर माझं, माझी मेहनत माझी, त्यातून जे मिळवलं तेही माझं, आणि जबरदस्ती कोणीच कोणावर करायची नाही, सरकारने पण नाही. सरकारने पोलीस, कोर्ट, लष्कर बघावं, बास. हे काय अमेरिकन फॅड नाही हां, शरद जोशींची शेतकरी संघटना 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत होती ते याच कुळातलं.

आता 1970. नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं सगळं. विकायचीये का असं कोणी विचारलंच नाही, भाव पण सरकारच ठरवणार. 1984 च्या जानेवारीत तिथल्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईकडे आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि मग कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. त्याआधीच 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला होता, म्हणजे कोर्टात भांडायचं हत्यारच बोथट!

बरं, पुढे ती जमीन सिडकोने 60 वर्षांच्या लीजवर दिली. म्हणजे तुम्ही कोटभर मोजून घेतलेला फ्लॅट विकताना परत सिडकोला ट्रान्सफर चार्जेस भरा.

पण जबरदस्तीशिवाय शहर उभं राहिलं असतं का? एक जण अडून बसला की रस्ता अडला. यावर लिबर्टेरियन मगरपट्ट्याचं उदाहरण देतात, पुण्यात हडपसरला शेतकऱ्यांनी सुमारे 400 एकर एकत्र करून स्वतःच कंपनी काढली, टाउनशिप बांधली, आज ते शेअरहोल्डर आहेत. भारीच आहे. पण तिथे बरेचसे भाऊबंदच होते, आणि नवी मुंबई पडते 344 चौरस किलोमीटर, एवढ्याला प्रत्येकाची सही आणणं मला तरी अवघड वाटतं.

तरी एक गोष्ट खटकतेच. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, पीपीपीला, म्हणजे सरकारी-खाजगी भागीदारीला 70, आणि सरकार स्वतःसाठी घेत असेल तर काहीच नाही. शंभर टक्के नका मागू, पण तो 80 चा आकडा सरकारलाही लावायला काय हरकत आहे?